चालती गार, उभी गरम

गाडी चालत असली की एसी गार हवा देत होता आणि गाडी थांबली की गरम. तक्रार एवढीच होती. हे साधं वाक्य मी त्या उन्हाळ्यात तीन मेकॅनिकांना सांगितलं आणि पहिल्या दोघांनी ते धड ऐकूनसुद्धा घेतलं नाही.

गाडी ह्यांची. हे पौषात गेले, सकाळी, हातात चहाचा कप असताना. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. बाहेर इतकं धुकं होतं की समोरच्यांचं फाटक दिसत नव्हतं. मग लोक आले, लोक गेले, तेरावा झाला, शाळा उघडली. मी आठवीला विज्ञान शिकवते. वर्गात गेले आणि राहिलेला धडा जिथे सोडला होता तिथून पुढे सुरू केला. स्टाफरूममध्ये सगळ्या म्हणाल्या, फार धीराची आहे. धीर कसला डोंबलाचा! मला काही वाटतच नव्हतं. जेवण जायचं, झोप यायची, रडू येत नव्हतं. राग तेवढा यायचा. भाजीवाल्यावर, शिपायावर, पंख्याच्या आवाजावर, कशावरही.

घरात आम्ही दोघीच उरलो, मी आणि माझ्या सासूबाई. लग्न झाल्यापासून मी त्यांना आई म्हणते. दोन वर्षांपासून त्यांच्या दोन्ही किडन्या गेलेल्या, दर सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिस. आमचं घर ग्वाल्हेरला गोरखीजवळ आणि दवाखाना मुरारला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. हे होते तोवर हेच नेत-आणत. मला गाडी येत होती, पण हे शेजारी बसून इतक्या सूचना करत की मी चालवणंच सोडलं होतं. आता सूचना करायला कोणी नव्हतं, म्हणून मी चालवू लागले. आई मागे बसायच्या, डाव्या खिडकीशी. पुढची डावी जागा रिकामी राहायची. तिथे बसा असं मी त्यांना म्हटलं नाही आणि त्याही कधी बसल्या नाहीत.

ह्यांच्याबद्दल आम्ही बोलत नव्हतो. ठरवून नाही, तो विषयच निघत नव्हता. मी त्यांना औषधं द्यायची, पाणी मोजून द्यायची, त्या "हं" म्हणायच्या. घरात दोन माणसं होती आणि दिवसभरात वीस वाक्यं होत नसतील.

एप्रिलमध्ये एसी पहिल्यांदा लावला. त्याआधी दसऱ्यापासून तो बंदच होता, थंडीत कोण लावतं? बाड्यावरून इंदरगंजपर्यंत छान गार वाटलं. तिथे जाममध्ये अडकलो, तर दोन मिनिटांत तोंडावर कोमट वाफ. गाडी हलली, पुन्हा गार. मला वाटलं, असेल काहीतरी. एप्रिल तसाच निघाला. मे लागला आणि आमच्या ग्वाल्हेरचं ऊन ज्याने पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको.

डायलिसिसला सकाळची पाळी घ्या की, असं सगळे म्हणायचे. सकाळच्या पाळीला जागा मिळायला आधी तिथलं कोणीतरी कायमचं जावं लागतं. आमची पाळी दुपारी बाराची. म्हणजे साडेअकराला निघायचं, तापल्या वाऱ्याची लू डोक्यावर घेऊन.

पहिला मेकॅनिक आमच्या गल्लीच्या तोंडाशीच होता. मी सांगितलं, "भैया, चलती गाड़ी में ठंडी हवा आती है, खड़ी में गरम." तो म्हणाला, "गैस कम है, मैडम." मी म्हटलं, गॅस कमी असता तर चालतीतही गरम आली असती ना? तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "सर कब आएँगे? उनको समझा देंगे." मी म्हटलं, "सर नहीं आएँगे. मुझे समझाओ." त्याने समजावलं नाही, गॅस भरला. दोन दिवस मीही भाबडेपणाने धरून चालले की बरं झालं. तिसऱ्या दिवशी फूलबागेच्या चौकात तीच वाफ.

दुसरा मोठ्या वर्कशॉपमधला, स्वच्छ गणवेशातला. त्याने मला सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं, तासाभराने येऊन सांगितलं, कंप्रेसर बदलावा लागेल. मी विचारलं, कंप्रेसर खराब आहे तर चालत्या गाडीत गार हवा कुठून येते? तो गोड हसला आणि म्हणाला, "मैडम, ये टेक्निकल चीज़ है." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, किल्ली द्या इकडे. आणि आले निघून. रागाच्या भरात आले खरी, पण गाडी तशीच नादुरुस्त होती.

मग तो सोमवार आला. नौतपा सुरू झाला होता, म्हणजे उन्हाळ्यातले ते सगळ्यात कडक नऊ दिवस. पडावच्या पुलावर एक ट्रक बंद पडला आणि पुढे-मागे सगळं ठप्प. पंचवीस मिनिटं आम्ही पुलाच्या मध्यावर. काच उघडावी तर लू आत, बंद ठेवावी तर एसीची गरम हवा. मी आरशात बघितलं तर आईंची मान कलली होती. हाक मारली, उत्तर नाही. मी हात मागे करून त्यांच्या तोंडावर पाणी मारलं, तेव्हा त्यांनी डोळे उघडले. त्या क्षणीसुद्धा मला भीती वाटली नाही, हे मला नीट आठवतं. मी एवढंच मनात म्हटलं, आता ह्याही. आणि बाटलीचं झाकण लावलं.

पाळी आटोपून घरी आल्यावर आई म्हणाल्या, "आता पुरे. गुरुवारी मी येणार नाही."

मी म्हटलं, "अहो आई, असं कसं चालेल?"

"चालेल. त्या गाडीत जीव जातो माझा. जायचाच आहे तर घरी जाऊ दे."

माझी मुलगी बंगळुरूला असते. तिने फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, यार, कॅब बुला लो ना, मी इथून बुक करते, एकदम चिल्ड." आज्जीने फोन हातात न घेताच सांगितलं, "परक्याच्या गाडीत मी जाणार नाही. येताना मला ओकारी होते. परका माणूस आरशातून बघतो." हे खरंच होतं. एकदा तसं घडलं होतं आणि त्यानंतर दोन दिवस त्यांनी मान वर केली नव्हती. अँब्युलन्सचं नाव काढलं तर म्हणाल्या, "ह्या दारासमोर ती गाडी पुन्हा उभी करू नकोस."

गुरुवारी त्या खरोखर गेल्या नाहीत. मी कपडे करून उभी, त्या भिंतीकडे तोंड करून पडून. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, एक पाळी चुकली तर निभावेल, दुसरी चुकवू नका, फुप्फुसात पाणी भरतं. शुक्रवारी आईंचे पाय सुजले. बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. मी तो खड्डा बघत बसले. मला कळत होतं की गाडी हे निमित्त आहे. मुलगा गेल्यावर ह्या बाईला दर आठवड्याला दोनदा सुया टोचून घ्यायचा कंटाळा आलाय, आणि त्या एसीने त्यांना बाहेर पडायचं दार उघडून दिलंय. ते दार बंद करायचं तर एसी दुरुस्त व्हायला हवा होता. बाकी माझ्या हातात काही नव्हतं.

शाळेच्या बसचा ड्रायव्हर म्हणाला, हजीऱ्याला एक म्हातारे उस्ताद आहेत, गाड्यांची वायरिंग बघतात, त्यांना दाखवा. शनिवारी सकाळी शेजारणीला आईंजवळ बसवून मी गेले. किल्ल्याच्या मागच्या अंगाला, कडुलिंबाखाली टिनाचं दुकान. उस्ताद पाटावर बसून काहीतरी घासत होते. मी आता कोणी ऐकणार नाही हे धरूनच, उद्धटपणे, एका दमात सांगून टाकलं. चालती गार, उभी गरम, गॅस भरला, उपयोग शून्य, कंप्रेसर मी बदलणार नाही.

त्यांनी कानस खाली ठेवली. विचारलं, "खड़ी गाड़ी में रेस दो, तब?"

"थोड़ी ठंडी होती है."

"सुबह, धूप से पहले?"

"तब कम गरम होती है."

"बिटिया, आपने तो आधा काम कर दिया," असं म्हणून ते उठले. बावन्नाव्या वर्षी मला कोणी बिटिया म्हटलं. एरवी मी चिडले असते.

त्यांनी काही उघडलं नाही, मीटर लावला नाही. नळावरून बादली भरून आणली आणि म्हणाले, गाडी चालू ठेवून आत बसा, एसी लावा, हात हवेच्या जाळीवर धरा. मी बसले. हवा गरमच होती. त्यांनी पुढून गाडीच्या तोंडावर मगाने हळूहळू पाणी ओतायला सुरुवात केली. अर्ध्या मिनिटात माझ्या बोटांना गार लागलं. चांगलं गार, आणि गाडी जागची हललेली नव्हती.

"पंखा," ते खिडकीशी येऊन म्हणाले. पुढच्या जाळीमागे एसीची नळ्यांची पट्टी असते, ती तापते. गाडी पळते तेव्हा वारा तिला गार करतो. गाडी थांबली की ते काम पंख्याचं. पंखाच फिरत नसेल तर काय होणार?

मी कपाळावर हात मारून घेतला. हवा लागली की उष्णता निघून जाते, हे मी दरवर्षी पोरांना शिकवते. आणि महिनाभर मीच ते विसरून लोकांवर ओरडत फिरत होते.

उस्तादांनी बॉनेट उघडलं, टॉर्च घेऊन वाकले आणि एकदम थांबले. म्हणाले, "अरे, ये तो माला है."

दसऱ्याची माळ होती ती. झेंडूची. फुलं वाळून काळी भुगा झालेली, आंब्याच्या पानांचे नुसते दांडे उरलेले, आणि दोरा पंख्याच्या आसाभोवती इतका घट्ट गुंडाळलेला की पंखा जागचा हलेना.

आमच्या घरी दसऱ्याला गाडीची पूजा होते आणि गाडीची माळ आई स्वतः ओवतात. ती माळ हाताने काढायची नाही, आपोआप गळू द्यायची, हा घरचा नेम. पण बाहेर बांधलेली माळ गळेपर्यंत राहते कुठे? आमच्या गल्लीत गाई मोकाट. त्याच्या आदल्या वर्षी पूजेनंतर आम्ही आत येऊन पुरी तळायला घेतली नाही तोच एका गाईने माळ ओढून, गाडीच्या तोंडासमोर उभं राहून, आरामात खाल्ली होती. ह्यांना तो अपमान फार लागला. म्हणून मागच्या दसऱ्याला हे बॉनेट उघडून आत डोकं घालून बसले होते. मी दारातून ओरडत होते की श्रीखंड पातळ होतंय, पानं मांडलीत, या आता. हे आतूनच म्हणाले, "थांब गं! या वर्षी गाय काय, गाईचा बाप आला तरी माळ मिळायची नाही." माळ त्यांनी जाळीच्या आतून बांधली. बाहेरून दिसत होती, हाताला येत नव्हती. फार खूश होते स्वतःवर. जेवताना दोनदा सांगितलं.

थंडीत ती वाळून आत खाली पडली. एप्रिलमध्ये मी एसी लावला, पंखा फिरला, दोरा गुंडाळला गेला, मोटर जळली, फ्यूज उडाला. इतकंच झालं होतं.

"कुणी सांगितलं होतं आतून बांधायला!" मी जोरात म्हटलं. उस्तादांनी दचकून मागे बघितलं. त्यांना वाटलं मी त्यांनाच बोलतेय.

"आपको नहीं," मी म्हटलं.

ते पुन्हा वाकले. दोरा ब्लेडने कापून काढला, वाळकी फुलं वेचून वर्तमानपत्रावर ठेवली आणि ठेवण्याआधी एकदा कपाळाला लावली. जाळीच्या वरच्या पट्टीला अजून गाठ होती. ती मला लांबूनच ओळखू आली. हे सगळ्याला दुहेरी गाठ मारत, वर तिसरी अर्धी. पिशवी असो, पार्सल असो, कोणाला म्हणून सुटायची नाही, शेवटी मी कात्री आणायची आणि भांडायची. उस्तादांनी ब्लेड तिथे नेलं. मी म्हटलं, "वो रहने दीजिए."

नवी मोटर शेजारच्या दुकानातून आली. दोन तास मी कडुलिंबाखाली स्टुलावर बसले, मांडीवर त्या फुलांची पुडी. आता रडू येईल असं वाटलं. नाही आलं. पुडी डिकीत ठेवली आणि घरी आले.

आईंना सांगायचं की नाही, हे मला ठरवता येईना. माळ त्यांनी ओवलेली. दोराही साधा नव्हता, गाद्या शिवायचा जाड दोरा होता, तो कोणी दिला असेल हे उघड होतं. ज्या बाईला जगायचा कंटाळा आलाय तिला असं सांगायचं का, की तुमच्याच माळेने गाडी बिघडली? न सांगायचं ठरवलं.

सोमवारी अकरा वाजता गाडी दारासमोर उन्हात उभी केली, इंजिन चालू, एसी चालू. आत गेले. आई तशाच पडलेल्या, श्वास जड झालेला. म्हटलं, "आई, पाचच मिनिटं बसून बघा. कुठे जायचं नाही. गाडी दारातच आहे. गरम वाटलं तर उतरा, मी एक शब्द बोलणार नाही."

त्या कुशीवर वळल्या. मग हात पुढे केला. मी धरून नेलं. मागचं दार उघडलं तर म्हणाल्या, "पुढे बसते." मी पुढचं दार उघडलं.

पाच मिनिटं झाली, सात झाली. गाडी जागची हलली नाही. हवा गार येत होती. आईंनी हात जाळीसमोर धरला, मग पदर सारून गळा समोर केला.

"काय झालं होतं?"

"फ्यूज उडाला होता."

"उगाच कसा उडेल?"

मला खोटं नीट सांगता येत नाही, हे त्यांना तीस वर्षांपासून माहीत आहे. मी म्हटलं, "आतला पंखा अडकला होता. दसऱ्याची माळ गुंडाळली गेली त्यात."

त्या समोर बघत राहिल्या. गल्लीत एक गाय सावलीला उभी होती.

"मीच त्याला म्हटलं होतं, आतून बांध म्हणून," त्या म्हणाल्या. "दोराही मीच दिला. गादीचा. म्हटलं, आता तोडून दाखव म्हणावं गाईला." मग विचारलं, "माळ कुठे आहे?"

"डिकीत आहे. टाकली नाही."

"आणि गाठ? सोडलीस?"

"ह्यांची गाठ कधी सुटलीय का, आई? आहे तशीच ठेवलीय."

"बरं केलंस."

मग त्यांनी सीटबेल्ट ओढला. तो त्यांना लावता येत नाही, हे होते तेव्हा हे लावून द्यायचे. मी वाकून लावला. माझं डोकं त्यांच्या खांद्याशी असताना त्या म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, स्वयंपाकाचं सांगावं तशा, "या दसऱ्याला कच्च्या दोऱ्यात ओवीन. आणि बाहेरूनच बांधू. खाऊ दे गाईला."

दसऱ्याला अजून साडेचार महिने होते. आठवड्याला दोन म्हणजे चाळीसेक फेऱ्या, चाळीसेक वेळा सुया. मनात एवढा हिशेब झाला आणि मला पुढचं काही दिसेना. स्टिअरिंगवर डोकं ठेवून मी जी रडले ती आवाज काढून, गल्लीत ऐकू जाईल अशी. पौषापासूनचं सगळं.

आईंनी पाठीवर हात ठेवला नाही. ती त्यांची रीत नाही. त्यांनी फक्त माझ्याकडची हवेची जाळी बोटाने माझ्याकडे वळवली. "रडून घे," त्या म्हणाल्या. "गाडी उभीच राहू दे. गार येतंय."

पाळीला आम्ही वीस मिनिटं उशिरा पोचलो.